पिंपरीचं पेनिसिलिन चीनला कसं गेलं आणि काकीनाड्याला कसं परत आलं

गेल्या पावसाळ्यात मुलीचा कान ठणकत होता. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. मेडिकलमधून आणलेली कॅप्सूलची पट्टी मी सवयीनं उलटून पाहिली. कंपनीचं नाव, हिमाचलमधल्या सोलन जिल्ह्याचा पत्ता, बॅच नंबर, मुदत, किंमत, सगळं बारीक अक्षरात होतं. म्हणजे औषध भारतात बनलेलं. पण कॅप्सूलच्या आत जी पांढरी पावडर असते, जी खरं म्हणजे औषध आहे, ती कुठून आली हे त्या पट्टीवर कुठेच नव्हतं.

‘कारखाने मायदेशी परतताहेत’, ‘जगाची पुरवठा साखळी बदलतेय’, ‘चीन अधिक एक’ असे शब्द हल्ली रोज कानावर पडतात. शेवटच्या शब्दाचा अर्थ एवढाच, की माल चीनमधून घ्या, पण दुसरा एक देशही हाताशी ठेवा. हा विषय बहुतेकदा मोबाइल फोनच्या उदाहरणानं समजावला जातो. मला तो या पांढऱ्या पावडरीवरून समजावायचा आहे. फोन दोन महिने उशिरा मिळाला तर कुणाचं काही अडत नाही. शिवाय ही गोष्ट पुण्याच्या शेजारी, पिंपरीत सुरू होते.

## एका कॅप्सूलमागचे पाच टप्पे

कॅप्सूल उलट्या क्रमानं उलगडत जाऊ. सोलनच्या कारखान्यात होतं ते शेवटचं काम: पावडर मोजून कॅप्सूलमध्ये भरणं आणि पट्टी बांधणं. त्याआधी ती पावडर, म्हणजे अमॉक्सिसिलिन, तयार व्हावी लागते. या धंद्यात तिला ‘बल्क ड्रग’ म्हणतात. ती बनते ६-एपीए नावाच्या एका रसायनापासून. ६-एपीए निघतं पेनिसिलिन-जीपासून, ज्याला सगळे नुसतं ‘पेन-जी’ म्हणतात. आणि पेन-जी तयार करते बुरशी, साखर खाऊन. ही साखर म्हणजे ग्लुकोज, आणि ते बहुतेक मक्याच्या स्टार्चपासून काढतात.

मका, पेन-जी, ६-एपीए, अमॉक्सिसिलिन, कॅप्सूल. शेवटचे दोन टप्पे भारताला उत्तम जमतात. आपल्या गोळ्या-कॅप्सूल अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत जातात. अडचण होती ती मधल्या दोन टप्प्यांत. पेन-जी आणि ६-एपीएसाठी आपण वर्षानुवर्षं जवळपास पूर्णपणे चीनवर विसंबून होतो. फक्त पेनिसिलिनच नाही, भारत बाहेरून जी बल्क ड्रग्ज आणि त्यांचा कच्चा माल आणतो, त्यातला किमतीनं सुमारे ७० टक्के भाग चीनमधून येतो.

‘मेड इन इंडिया’ हा शिक्का खोटा नाही, पण साखळीतल्या शेवटच्या कडीपलीकडचं तो काही सांगत नाही.

## हे यंत्राचं काम नाही, विरजणाचं आहे

पेन-जी बनवणं म्हणजे दही लावण्याचा प्रचंड मोठा प्रकार. दह्याला विरजण लागतं, तशी इथे निवडून जोपासलेली बुरशी लागते. ती आधी काचेच्या भांड्यात वाढवतात, मग लहान टाकीत आणि शेवटी लाख लिटरच्या घरातल्या पोलादी टाकीत. टाकीत साखरेचं पाणी असतं, मका भिजवून उरलेला घट्ट अर्क असतो, आणि एक आम्ल थोडंथोडं सोडावं लागतं. आम्ल कमी पडलं तर पेनिसिलिन कमी, जास्त झालं तर बुरशीच मरते. तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवायचं. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते, म्हणून टाकीभोवती गार पाणी अखंड फिरवावं लागतं. खालून निर्जंतुक हवा सतत सोडायची. हे सगळं साधारण आठवडाभर, दिवसरात्र. मग बुरशी गाळून वेगळी करायची, उरलेल्या पाण्यातून द्रावकानं औषध ओढून घ्यायचं आणि त्याचे पांढरे स्फटिक करायचे.

माझ्या ओळखीचे एक काका पिंपरीतल्या अशाच टाक्यांवर तीन पाळ्यांत नोकरी करून निवृत्त झाले. ते सांगतात, “अरे, टाकीत काही बिघडलंय हे आधी वासाला कळायचं, मग लॅबचा रिपोर्ट यायचा.” नको असलेला जंतू आत शिरला की तो पेनिसिलिन मोडणारं विकर सोडतो, आणि आठवड्याची मेहनत गटारात ओतावी लागते. हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला की बुरशी गुदमरते. तशी एक रात्र त्यांनी काढली आहे. वीज गेली, पर्यायी कॉम्प्रेसर वेळेत चालू झाला नाही, आणि सकाळपर्यंत टाकी गेली. पन्नास वर्षं होत आली असतील, पण ते सांगताना आजही त्यांचा आवाज खाली येतो.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगला १९२८ साली सापडलेली बुरशी एका मिलिलिटरमागे जेमतेम २ एकक पेनिसिलिन द्यायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पिओरिया शहरात, बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर तिच्याहून कितीतरी जोमदार बुरशी मिळाली. त्यानंतर तीच निवडत, सुधारत नेत आजच्या बुरश्या हजारो एककांपर्यंत पोचल्या आहेत. ही सुधारणा पुस्तकात वाचून होत नाही. टाक्या चालू ठेवाव्या लागतात, प्रत्येक खेपेतून थोडं शिकावं लागतं. कारखाना बंद पडला की हे शिकणंही थांबतं, आणि थांबलेल्या काळात दुसरा पुढे निघून जातो.

## पिंपरीत होतं ते कुठे गेलं?

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली पिंपरीत उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागलं, नंतर क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिनही. पिंपरी-चिंचवडमध्ये आजही ‘एच. ए.’ म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. त्या काळी या कंपनीमागे वसाहत उभी राहिली, शाळा आली, आजूबाजूला औद्योगिक पट्टा वाढला. चीनमधला शिजियाझुआंगचा प्रसिद्ध औषध कारखाना सोव्हिएत मदतीनं सुरू झाला तो १९५८ साली. म्हणजे आपण त्यांच्या पुढे होतो.

पुढे खासगी कंपन्याही पेन-जीत उतरल्या, गुजरातेत, तमिळनाडूत. १९९१ नंतर आयात खुली झाली, जकात उतरत गेली. चीनमध्ये तोवर एकेका ठिकाणी अवाढव्य कारखाने झाले होते. वीज स्वस्त, मका मुबलक, जमीन आणि कर्ज देऊ करणारी स्थानिक सरकारं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल तयार होत होता आणि पडेल भावात बाहेर जात होता. आपल्या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांनी साधा हिशेब केला: बाहेरची पावडर इथल्यापेक्षा स्वस्त पडते. त्यांना मी दोष देत नाही. गोळीची किंमत सरकारनं बांधलेली आणि समोर दहा स्पर्धक असताना दुसरं कुणीही हेच केलं असतं.

एकेक करत आपल्या टाक्या थंड झाल्या. पिंपरीची कंपनी आजारी उद्योगांत गेली, पगार थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिची शिल्लक जमीन विकून देणी भागवायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं घेतला. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेतला पेनिसिलिन आंबवणारा शेवटचा कारखानाही २००४ च्या सुमारास बंद झाला.

## स्वस्त मिळत होतं, मग बिघडलं कुठे?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. शेजारी स्वस्त दही मिळत असेल तर घरी का लावायचं?

एका वाड्याची कल्पना करा. पूर्वी दहा बिऱ्हाडं घरी दही लावायची. एखादीचं विरजण बिघडलं की ती वाटी घेऊन शेजारी जायची. मग कोपऱ्यावर डेअरी आली, दही स्वस्त आणि चांगलं. एकेका बिऱ्हाडानं दही लावणं सोडलं. प्रत्येकीचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा होता. पण एके दिवशी डेअरी बंद राहिली, तेव्हा अख्ख्या वाड्यात दही नव्हतं, आणि विरजणही कुणाकडे उरलेलं नव्हतं.

अशी डेअरी बंद राहिल्याचे दिवस आपण पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये हवेचं प्रदूषण असह्य झालं म्हणून शिजियाझुआंगच्या प्रशासनानं तिथल्या औषध कारखान्यांना वर्षअखेरपर्यंत टाळं लावायला सांगितलं. त्यांच्या नागरिकांच्या श्वासासाठी तो निर्णय योग्यच होता, पण त्याची झळ हजारो किलोमीटरवरच्या गोळ्या बनवणाऱ्यांना बसली. मग २०२०च्या सुरुवातीला करोनामुळे चीनमधले कारखाने आणि बंदरं ठप्प झाली, आणि इथे पॅरासिटामॉलच्या पावडरीचे भाव चढले.

तेव्हा आपण काय केलं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ३ मार्च २०२० रोजी भारतानं २६ बल्क ड्रग्ज आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पॅरासिटामॉल त्यात होतं. आपल्यावर विसंबलेल्या देशांना आपण कोपऱ्यावरची डेअरीच होतो. संकटात प्रत्येक देश आधी आपलं घर बघतो. म्हणून सगळी साखळी एकाच ठिकाणाहून जाऊ नये, मग ते ठिकाण चीन असो की भारत.

## परत आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

२०२० सालीच केंद्रानं बल्क ड्रग्जसाठी ६,९४० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिला पीएलआय म्हणतात: कारखाना उभारल्याबद्दल नाही, तर माल बनवून विकल्यावर विक्रीच्या प्रमाणात सरकार पैसे देतं. निवडलेल्या ४१ उत्पादनांत पेन-जी, ६-एपीए आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल होतं. आंबवून बनणाऱ्या औषधांना पहिली चार वर्षं विक्रीच्या २० टक्के, पाचव्या वर्षी १५ आणि सहाव्या वर्षी ५ टक्के. रासायनिक पद्धतीनं बनणाऱ्यांना १० टक्के. आंबवण्याला दुप्पट का, हे वरच्या टाक्या पाहिल्यावर वेगळं सांगायला नको.

या योजनेतून आंध्रच्या काकीनाड्याजवळ अरबिंदो फार्माच्या उपकंपनीनं वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेन-जी कारखाना उभारला. तो २०२४ साली सुरू झाला. जवळपास तीन दशकांनी देशात पुन्हा मोठ्या प्रमाणावर पेन-जी बनू लागलं. हिमाचलच्या नालागढला क्लॅव्हुलॅनिक आम्लाचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला ‘क्लॅव्ह’ असं पट्टीवर लिहिलेलं असतं, ते हेच.

फोन आणि औषध यांतला फरक इथे दिसतो. फोनची जुळवणी करणारा कारखाना लवकर हलवता येतो: सुटे भाग आणा, माणसं शिकवा, जोडायला लागा. तामिळनाडू-कर्नाटकात तसं वेगानं घडलंही. बुरशी अशी हलत नाही. ती नव्या पाण्याशी, नव्या मक्याच्या अर्काशी जुळवून घेते तोवर उत्पादन कमी आणि खर्च जास्त. नेमक्या त्याच नाजूक काळात पेन-जीचा बाजारभाव उतरला. बाहेरून पुन्हा पडेल भावात माल येऊ लागला आणि २०२५ मध्ये किमान आयात किंमत ठरवण्याची, म्हणजे अमुक भावाखाली माल देशात येऊच द्यायचा नाही, अशी चर्चा सुरू झाली. गोळ्या बनवणारे छोटे कारखानदार याला विरोध करतात, कारण त्यांचा कच्चा माल महागेल. दोन्ही बाजू आपल्या आहेत, म्हणून हा वाद सोपा नाही.

माझं मत असं आहे: सरकारचे पैसे टाकी उभी करतात, पण ती चालू ठेवतो तो ग्राहक. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टाक्या होत्या, माणसंही होती. नव्हता तो थोडा जास्त भाव देऊन वर्षानुवर्षं माल उचलणारा खरेदीदार.

## मग औषध महागणार?

हिशेब करून बघू. अमॉक्सिसिलिनच्या पावडरीचा भाव सोयीसाठी किलोला २,००० रुपये धरू. एक किलोत ५०० मिलिग्रॅमच्या २,००० कॅप्सूल होतात, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये रुपयाची पावडर. देशी पावडर २० टक्के महाग पडली तर कॅप्सूलमागे २० पैसे आणि दहाच्या पट्टीमागे २ रुपये वाढतात. मेडिकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला हे जाणवणारही नाही.

पण कारखानदाराला ते २० पैसे जाणवतात, कारण अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं आणि त्या एरवी घाऊक महागाईच्या निर्देशांकाइतक्याच वाढवता येतात. आणि सर्वांत जास्त जाणवतात ते सरकारी टेंडरमध्ये. प्राथमिक आरोग्य केंद्रांची औषधं खरेदी होतात तिथे ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, जिंकतो. दोन पैशांनी टेंडर जातं. पावडर कुठून घेतली याला त्यात फारसं महत्त्व नसतं. एका हातानं सरकार देशी पावडरीला अनुदान देतं आणि दुसऱ्या हातानं सर्वांत स्वस्त पावडर वापरणाऱ्याला टेंडर देतं. हे दोन हात एकमेकांशी बोलले पाहिजेत. सरकारी खरेदीतला निदान काही हिस्सा देशी पावडरीपासून बनलेल्या औषधांसाठी राखून ठेवला तर काकीनाड्यासारख्या कारखान्याला अनुदानापेक्षा मोठा आधार मिळेल.

किंमत फारच खाली दाबून ठेवली की काय होतं, त्याचं उदाहरण ताजं आहे. औषध इतकं स्वस्त होतं, की ते बनवणं परवडत नाही आणि कंपन्या ते सोडून देऊ लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, ती बाजारातून नाहीशी होऊ नयेत म्हणून. त्या आठांत बेन्झाइल पेनिसिलिनचं इंजेक्शन होतं, आणि स्ट्रेप्टोमायसिनचंही. पिंपरीत एकेकाळी बनणारी हीच दोन औषधं.

## आणि घाण आपल्या दारात का घ्यायची?

ही हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा, नाल्याच्या पाण्याचा रंग आणि रात्रीचा वास कसा असतो. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत २००७ साली संशोधकांनी औषध कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तपासलं, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त प्रमाणात सापडलं. असं पाणी ओढ्यात गेलं की तिथले जंतू औषधाला सरावतात. मग तेच औषध दवाखान्यात चालत नाही. जे औषध मिळावं म्हणून कारखाना काढला, त्याचाच गुण त्या कारखान्याच्या पाण्यानं घालवला, तर सगळंच मुसळ केरात.

चीनचा माल स्वस्त पडण्यात तिथल्या लोकांनी सोसलेल्या धुराचाही वाटा होता. तोच हिशेब आपण आपल्या ओढ्यांवर लावायचा नाही. सांडपाणी सगळं आत फिरवून वापरणं, उरलेली बुरशी निष्प्रभ करून मगच बाहेर काढणं, पाण्यात अँटिबायोटिक किती सोडायचं याची कायदेशीर मर्यादा घालणं, याचा खर्च पट्टीमागच्या त्या २ रुपयांत धरलाच पाहिजे. तो धरल्यावर कारखाना परवडत नसेल, तर तो परवडत नाही असंच म्हणायला हवं.

## सगळंच इथे बनवायचं का?

नाही. ऑस्ट्रियातल्या कुंडल गावी, महायुद्ध संपल्यावर एका जुन्या बिअरच्या कारखान्यात पेनिसिलिन आंबवायला सुरुवात झाली होती. तो कारखाना टिकून राहिला. २०२० मध्ये ऑस्ट्रिया सरकारनं तो युरोपातून जाऊ नये म्हणून ५ कोटी युरो देऊ केले, अट एवढीच की उत्पादन तिथेच राहिलं पाहिजे. म्हणजे आज कुंडल आहे, चीन आहे, काकीनाडा आहे. वाड्यात निदान तीन बिऱ्हाडांकडे विरजण आहे. मला एवढंच हवं आहे. प्रत्येक देशानं प्रत्येक औषध बनवायला घेतलं तर सगळ्यांनाच ते महाग पडेल.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र मनाला लागते. केंद्राच्या तीन बल्क ड्रग पार्कसाठी रायगड जिल्ह्यातल्या रोहा-मुरूड भागाचा प्रस्ताव होता. २०२२ मध्ये ती गुजरात, हिमाचल आणि आंध्रला मिळाली. त्यावर राजकारण खूप झालं, पण मक्याबद्दल कुणी बोललं नाही. खानदेश-मराठवाड्यात मका आहे, दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च करणारा कारखाना वर्षानुवर्षं आहे, आणि आंबवण्याचं तंत्र शिकवणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत. आता तोच मका इथेनॉलकडेही चालला आहे आणि त्यानं त्याचा भाव चढू शकतो. ग्लुकोज महागलं तर पेन-जी महागणारच. औषधाचं धोरण आणि इथेनॉलचं धोरण वेगवेगळ्या खात्यांत ठरतं, पण दोन्ही एकाच शेतातल्या कणसावर येऊन भिडतात.

काकीनाड्याचा कारखाना सुरू झाल्याची बातमी मी त्या निवृत्त काकांना मुद्दाम वाचून दाखवली. त्यांनी १५,००० टन हा आकडा दोनदा विचारला. २०२८-२९ पर्यंतच अनुदान आहे आणि शेवटच्या वर्षी ते फक्त ५ टक्के, हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “टाक्या किती ते सोड. हवेचे कॉम्प्रेसर जास्तीचे किती ठेवलेत, ते बघ.”